पाठीवरची सव्वीस बटणं

लोकालियाच्या होलोकूला पाठीवर सव्वीस बटणं होती, आणि ती लावून देणारं माणूस अख्ख्या बेटावर उरलं नव्हतं.

कुणी म्हणेल, बटणंच ती, त्यात काय एवढं! म्हणणाऱ्यानं एकदा हात मागे नेऊन पाहावा. मानेपासून पार कंबरेखालपर्यंत काळ्या कापडानं मढवलेली वाटाण्याएवढी बटणं, आणि त्यांना दोऱ्याची इवलीइवली काजं. शहात्तर वर्षांच्या बाईचं सोडाच, सोळा वर्षांच्या पोरीचाही हात तिथे पोचायचा नाही. तो पोचूच नये म्हणून तर हा पायघोळ झगा तसा बेतला होता.

बेतला होता लोकालियाच्या पणजीच्या पिढीनं. या बेटांच्या राणीला परक्यांनी तिच्याच राजवाड्यात एका खोलीत कोंडलं, राज्य गेलं, निशाण उतरलं, त्यानंतरची गोष्ट. मोलोकाई बेटावरच्या या गावातल्या अकरा बायका एकत्र आल्या आणि त्यांनी भगिनी मंडळ काढलं. दर वर्षी राणीच्या वाढदिवशी काळा होलोकू घालायचा, गळ्यात पिवळ्या पिसांची माळ, मागे हातभर घोळ लोळतोय अशा थाटात चर्चमध्ये पहिल्या बाकासमोर उभं राहायचं आणि मंडळातल्या सगळ्यांची नावं वाचायची. गेलेल्यांचीसुद्धा. गेलेलीचं नाव आलं की जिवंत असलेलीनं तिच्या वतीनं ‘आहे’ म्हणायचं. आणि होलोकूची बटणं पाठीवर. राणीला त्या लोकांनी एकटं पाडलं ना, मग आपल्यातल्या कुणी एकटीनं तयार व्हायचं नाही, असं त्या बायांनी ठरवलं. मंडळातल्या एका बहिणीनं दुसरीची बटणं लावायची. बहीण नसेल तर बहिणीच्या लेकीनं. तिसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

पणज्यांचं काय जातंय ठरवायला! तेव्हा अकरा होत्या, मध्यंतरी तीस झाल्या. मग कुणाची मुलं होनोलुलूला गेली, कुणाची त्याहून लांब, आणि बायका एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत. जानेवारीत एमालिया गेली. जूनमध्ये मिलेका गेली. राहिली लोकालिया.

आणि उद्या राणीचा वाढदिवस.

पाद्रीबुवा सकाळीच येऊन गेले होते. चांगला माणूस, पण तोंडातल्या तोंडात बोलायची सवय. दारात उभं राहून टोपी फिरवत म्हणाले, "आंटी, उद्या तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा. कुणी काही म्हणणार नाही."

"काय जमणार नसेल?"

"यादी वाचायचं. नाही म्हणजे, होलोकू घालून भगिनी उभी राहिली तरच यादी वाचायची असा तुमचाच नियम. उद्या कुणी उभं राहिलं नाही तर मंडळ बंद झालं असं धरावं लागेल. मग ते नावांचं पुस्तक आणि पिसांची माळ होनोलुलूच्या संग्रहालयाला देऊ. काचेच्या कपाटात छान राहील."

"मी मेलेय का?"

"अहो आंटी, तसं नाही..."

"मग काचेत कुणाला घालताय? मी येणार. घंटा वेळेवर वाजवा म्हणजे झालं."

पाद्रीबुवा गेले, आणि लोकालिया मशीनवर येऊन बसली. येणार म्हणजे येणार कशी? ते तिलाही ठाऊक नव्हतं. दुकानासाठी चार मूमू शिवून द्यायचे होते. बेटावर फिरायला आलेल्या बायकांना जास्वंद जेवढं मोठं तेवढं आवडतं, त्यामुळे आता कापडावर ताटाएवढी फुलं येतात. झगा सैल, डोक्यातून घातला की झाला, बटण नाही, काज नाही. अख्ख्या बेटाला कपडे शिवून घातले तिनं, नवऱ्याच्या मागे त्याच मशीनवर मुलगा वाढवला, आणि आता स्वतःची पाठ झाकायला माणूस नव्हतं. तिनं शिवण इतकी ओढली की दोरा तुटला.

दुपारी फाटकाशी गाडी थांबली. उतरली नोहेआ, मिलेकाची मुलगी. लास व्हेगासला कुठल्याशा हॉटेलात कामाला असते. बेचाळिशीची, आईसारखीच रुंद खांद्यांची. हातात भली मोठी कापडी पिशवी.

"आंटी, आत येऊ?"

"फाटक उघडंच असतं. ये. चपला तिथे काढ, लाल माती घरभर होते."

नोहेआ पिशवी टेकवून जमिनीवरच बसली. लोकालियानं तिला पाव आणि कॉफी दिली. दोघी थोडा वेळ पावाबद्दल बोलल्या.

"घर आवरतेय," नोहेआ म्हणाली. "आईनं चिठ्ठी लिहून ठेवली होती. कपडे लोकालियाकडे दे, ती जाळील, असं."

मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड परक्याच्या अंगावर जाऊ द्यायचं नसतं. घरच्यांनी घालावं, नाहीतर जाळावं. हे काम सहसा घरची माणसं करतात. लोकालियानं कप बशीवर ठेवला.

"माझ्याकडे? माझं नाव लिहिलंय?"

"हो. मलाही नवल वाटलं. तुम्ही बोलत नव्हतात ना एकमेकींशी?"

"कोण म्हणालं?"

"आंटी, अख्खं गाव म्हणतं."

"गावाला दुसरे उद्योग नाहीत."

नोहेआ हसली, पण लगेच तिचे डोळे भरले. "मी जूनमध्ये पोचले तेव्हा आई बोलण्यापलीकडे गेली होती. ही दोन वर्षं ऑगस्ट लागला की सारखा फोन करायची, राणीच्या दिवसाला ये म्हणून. म्हणायची, माझा हात पाठीला पुरत नाही गं. मला वाटायचं, खांदा दुखतोय. मी मलम पाठवायचे. सप्टेंबरात सुट्टी मिळत नाही हो आंटी. मलमाच्या सात बाटल्या निघाल्या कपाटात. सगळ्या न उघडलेल्या."

 लोकालियालाही ऐकताना खांदाच दुखत असेल असं वाटलं.

"कधी जाणार तू?"

"उद्या दुपारच्या विमानानं."

हीच वेळ होती. बहीण नसेल तर बहिणीची लेक, असं पुस्तकात लिहिलेलंच होतं आणि ती लेक समोर बसून पाव खात होती. उद्या सकाळी ये आणि माझी बटणं लावून दे, एवढं एक वाक्य. लोकालियाच्या ते ओठांवर आलं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? जिच्या आईशी तू तीन वर्षं बोलली नाहीस, तिच्याच लेकीकडे पाठ करून बसणार? ती म्हणाली, "कॉफी अजून हवी?"

"नको. निघते."

आणि नोहेआ गेली. बाई कामाची, बाई हुशार, पण ऐन वेळी हिच्या तोंडाला कुलूप लागतं आणि नको त्या वेळी तेच तोंड सुटतं. लोकालियाचं आयुष्यभर असंच झालं.

मिलेकाशी झालं तेही तोंडामुळेच. मिलेकाचं घर याच रस्त्यावर, मध्ये फक्त दोन फाटकं. चाळीस वर्षं राणीच्या दिवशी लोकालिया होलोकू हातावर टाकून सहाच्या ठोक्याला तिच्याकडे जायची. एकीनं दुसरीची बटणं लावायची, मानेपासून सुरुवात, तोंडातून चकार शब्द नाही, कारण तो मान द्यायचा क्षण. चर्चहून परत आल्यावर मात्र मिलेका ओसरीवरच्या खुर्चीत बसायची, लोकालिया खालच्या पायरीवर तिच्याकडे पाठ करून, आणि बटणं सोडता सोडता गावातल्या एकूणएक माणसाचं उणंदुणं निघायचं. हसून हसून मिलेकाच्या बोटातून बटण सुटायचं. "हलू नकोस गं बये," म्हणायची. दोघींना वर्षभर वाट असायची ती त्या पायरीची.

चार वर्षांपूर्वी लोकालिया डोळ्याच्या ऑपरेशनसाठी होनोलुलूला गेली. राणीच्या दिवशी पहाटेच्या विमानानं येते म्हणाली, आणि वाऱ्यामुळे विमान उशिरा सुटलं. इथे मिलेका उघड्या पाठीनं तीन तास ओसरीवर उभी. एमालिया आणि तेव्हा हयात असलेली आणखी एक भगिनी शुश्रूषागृहात; त्या तिथेच एकमेकींची बटणं लावून गाडीनं चर्चमध्ये यायच्या, त्या वर्षीची यादी त्यांनीच वाचली. शेवटी घंटा वाजून गेली आणि मिलेका घरातच राहिली. पुढच्या वर्षी तिनं कुणाला न सांगता होलोकूला चेन लावून घेतली आणि सहाच्या आधीच एकटी तयार होऊन चर्चला गेली.

सहाला तिच्या बंद दारावरून परतलेल्या लोकालियानं चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्या गावासमोर, ती चेन पाहिली. "राणीच्या दिवशी पँटला लावतात तशी चेन लावून आलीस? लाज नाही वाटली? आमची गरज नसेल तर घरी बसायचं होतंस!"

मिलेका तशीच वळली. पायऱ्या उतरून घरी गेली. ‘आमची’ म्हणाली होती लोकालिया, खरं तर ‘माझी’ म्हणायचं होतं. तू माझ्यावाचून तयार झालीस, एवढंच तिला डाचलं होतं. पण ते बोलायला जमलं नाही, आणि त्यानंतरची दोन वर्षं मिलेका राणीच्या दिवशी साध्या मूमूत येऊन शेवटच्या बाकावर बसायची. लोकालियाची बटणं एमालिया लावायची, थरथरत्या हातांनी, गाडीतच. मिलेकाकडे पाहून लोकालिया मनात म्हणायची, बस तिथे, चेन लावून पुढे यायची हिंमत नाही ना! वाटेत समोर आल्या तरी दोघी रस्त्याच्या दोन कडांनी जायच्या.

उन्हं कलल्यावर लोकालियानं मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात विस्तव केला. एकेक कपडा घडी मोडून, झटकून टाकायचा, तशी रीत. मिलेकाचे मूमू तिनंच शिवलेले होते. निळा, ब्रेडफ्रूटच्या पानांचा. तांबडा, नोहेआच्या लग्नातला. पिशवीच्या तळाशी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला होलोकू होता.

हा आधी जाळून टाकायला हवा होता, असं मनाशी म्हणत तिनं तो उलटा केला. ती चेन तिला पाहायची होती. मेलं ते एकदाचं दिसू दे, म्हणजे जाळताना जड जाणार नाही.

चेन नव्हती.

पाठीवर वरपासून खालपर्यंत सुईच्या भोकांच्या दोन ओळी होत्या, चेन उसवल्याच्या. आणि त्यांच्यावर बटणं. लोकालियानं मोजली. सव्वीस. कापड चढवून घरी केलेली, एक लहान एक मोठं, सरळ रेषेत एकही नाही. काजं ओबडधोबड आणि प्रत्येक काजाच्या टोकाला मोठी गाठ. ही गाठ तिनं कुठेही ओळखली असती. "गाठ मारतेस की बोट बांधतेस?" म्हणून चाळीस वर्षं तिनं मिलेकाची थट्टा केली होती. संधिवाताच्या बोटांनी हे करायला बाईला किती महिने लागले असतील!

माझा हात पाठीला पुरत नाही गं.

खांदा नव्हता दुखत. ती चेन उसवून, बटणं लावून, होलोकू तयार ठेवून बसली होती. दोन वर्षं. दोन फाटकं पलीकडे. दोन्ही वर्षी राणीच्या दिवशी सकाळी सहाला ओसरीवर आली असेल, रस्त्याकडे पाहिलं असेल, आणि कुणी येत नाही म्हटल्यावर मूमू घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसली असेल. आणि आपण पुढून मान ताठ करून तिच्याकडे पाहत होतो.

"अगं मूर्ख बाई," लोकालिया मोठ्यानं म्हणाली, "एक हाक मारायची होतीस!" पण हाक कुणी मारायला हवी होती ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती तिथेच, विस्तवासमोर मातीत बसली आणि रडली. रडताना तिला कुणी पाहत नव्हतं, थांबवतही नव्हतं, म्हणून बराच वेळ रडली.

मग तिनं होलोकू मांडीवर पालथा घेतला आणि मानेपासून सुरुवात केली. एकेक बटण काजात घातलं. चकार शब्द न बोलता. काजं घट्ट होती, बोटं वळत नव्हती, अर्धा तास लागला. सव्वीसही लावून झाल्यावर तिनं हातानं पाठ सारखी केली, आतमध्ये माणूस असावं तशी. एक बटण ठेवून घ्यावं असं मनात आलं. नाही ठेवलं. होलोकू तिनं अख्खा विस्तवाला दिला.

सकाळी नऊला घंटा झाली तेव्हा लोकालिया चर्चच्या दारात उभी होती. काळा होलोकू, पिवळी माळ, केसांचा अंबाडा घट्ट. घोळ डाव्या हातावर घेतलेला. आणि पाठ मानेपासून कंबरेपर्यंत उघडी. आतला पांढरा परकर दिसत होता, मणक्याची हाडं दिसत होती. शाल ती मुद्दाम घरी ठेवून आली होती.

ती मधल्या वाटेनं पुढे गेली तशी बाकाबाकातून कुजबुज उठली. एक बाई अर्धवट उठून म्हणाली, "आंटी, तुमची पाठ..."

"माहीत आहे. बस खाली."

पहिल्या बाकासमोर उभं राहून तिनं पुस्तक उघडलं. नावं वाचायला लागली आणि प्रत्येक नावाला स्वतःच ‘आहे’ म्हणायला लागली. पणजीचं नाव, आहे. आजीचं, आहे. एमालिया, आहे. मग मिलेकाचं नाव आलं. ते तिनं वाचलं आणि पुढचा शब्द फुटेना. पाद्रीबुवा पुढे सरकले तसा तिनं हात वर केला आणि लोकांकडे वळली.

"तीन वर्षांपूर्वी मी या बाईला तुमच्यासमोर नको ते बोलले. तुम्ही ऐकलंत, म्हणून हेही ऐका. तिनं चेन काढून टाकली होती. बटणं लावून माझी वाट पाहत होती. मी गेले नाही. जिनं माझी पाठ झाकायची तिची पाठ मी उघडी ठेवली, म्हणून आज माझीही उघडी आहे. मिलेका आहे. मी म्हणते, आहे."

 मग शेवटच्या बाकावरून नोहेआ उठली. जीन्स, टी-शर्ट, खांद्यावर प्रवासाची पिशवी. ती पुढे आली, पिशवी खाली ठेवली आणि लोकालियाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"वरून की खालून?" ती हळूच म्हणाली.

 मान देण्याच्या क्षणी बोलायचं नसतं, म्हणून लोकालिया नुसती ताठ उभी राहिली. नोहेआनं खालून सुरुवात केली. चुकीची. रडत होती, त्यामुळे पहिलंच बटण दुसऱ्या काजात गेलं, आणि मग सगळीच एकेक घर सरकली. शेवटी मानेशी एक बटण काजावाचून उरलं आणि कॉलर तिरकी झाली. ते मागच्या बाकांवरूनही दिसत असणार. लोकालियानं दुरुस्त करू दिलं नाही. तशीच उभी राहून तिनं यादीतलं शेवटचं नाव वाचलं, ते तिचं स्वतःचं होतं, आणि ‘आहे’ म्हणाली.

मंडळ आणखी एक वर्ष राहिलं.

पाद्रीबुवांनी नोहेआला विमानतळावर सोडायला गाडी काढली. गाडीत बसताना ती म्हणाली, "आंटी, पुढच्या वर्षी सुट्टी मागून पाहते."

"पाहा," लोकालिया म्हणाली. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

घरी आल्यावर तिनं माळ काढून डब्यात ठेवली, पाणी प्यायली, आणि सवयीनं हात मानेमागे गेला. एवढं सगळं ठरवलं होतं तिनं, पण हे डोक्यातच आलं नव्हतं. बटणं लावली होती पंचवीस, आणि सोडायला कुणी नव्हतं. मानेशी उरलेल्या त्या एका मोकळ्या बटणापर्यंत बोटं पोचली, पुढे नाही. बाहेर ऊन रणरणत होतं, काळं कापड अंगाला चिकटत होतं. डोक्यावरून काढायचा प्रयत्न केला तर घट्ट बसलेला, काखेत कापड करकरलं. नोहेआचं विमान एव्हाना समुद्रावर असेल. मुलगा ओरेगनला, नाताळात फोन करणारा. मशीनवर कात्री होती. पाठीतून सरळ एक चीर दिली की सुटका. तिनं कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

ऊन उतरलं तेव्हा घोळ हातावर घेऊन ती फाटकाबाहेर पडली. दोन फाटकं, तिसरं मिलेकाचं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं ते ढकललं. घराला कुलूप होतं, ओसरीवरची खुर्ची तेवढी नोहेआ न्यायची विसरली होती. किंवा न्यायला कुणी नव्हतं. लोकालिया खालच्या पायरीवर बसली. खुर्चीकडे पाठ करून, चाळीस वर्षं बसायची तशी. घोळ पायांशी नीट पसरून घेतला.

"मिलेका," ती म्हणाली, "तुझ्या लेकीनं सगळी बटणं चुकीची लावलीत बघ. गाठी मात्र मारत नाही ती तुझ्यासारख्या."

रस्त्यावरून एक गाडी गेली. गाडीवाल्यानं ओळखीचा हात केला, तिनंही केला.

"सोड गं आता," ती म्हणाली. "फार उकडतंय."

आणि हलायचं नाही म्हणून ती पाठ ताठ करून बसून राहिली.